वाढाईचं सूत

१

मार्गशीर्षातला पहिला मंगळवार आमच्या घरात सुताचा असायचा. पूजा आटोपली की मी कापूस घेऊन बसायचे. रोज वाती वळून माझ्या बोटांना इतकी सवय झाली आहे की चिमटीत कापूस धरला की तो आपसूक बारीक होत जातो. सूत वळून झालं की हळदीच्या पाण्यात बुडवायचं, दांडीवर वाळवायचं, आणि मग आरोहीला हाक मारायची.

ती देवघराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची. तिची एक खोड होती. उभं राहायच्या आधी टाच मागं चौकटीवर आपटायची. टक. मग एकदम ताठ. मी सुताचं एक टोक तिच्या टाचेखाली दाबायचे आणि दुसरं डोक्यापर्यंत न्यायचे.

"हलू नकोस."

"नाही हलत."

"बोलू पण नकोस. हनुवटी वर होते."

मग ती श्वाससुद्धा धरून ठेवायची. गाल फुगलेले, डोळे वटारलेले. डोक्याशी सूत कापलं की मी म्हणायचे, "झालं गं बाळा, आता हल." हे ऐकल्याशिवाय ती हलायची नाही. एकदा सूत कापलं आणि तेवढ्यात दूध उतू गेलं म्हणून मी आत धावले. शेगडी पुसून, उरलेलं दूध गाळून परत आले तर ही तशीच उभी. तोंड लालबुंद.

"अगं, वेडी का तू?"

"तू 'हल' म्हणालीच नाहीस ना मम्मी," ती धापा टाकत म्हणाली.

आरोही सातव्या महिन्यात झाली होती. काचेच्या पेटीत ठेवली होती, तळहातावर मावेल एवढी. तेव्हा मी वाढाईला बोलले होते. घोटीच्या पुढं डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात भाताच्या खाचरांपलीकडं एक उभा धोंडा आहे, तीच वाढाई. देऊळ नाही, मूर्ती नाही, कळस नाही. माझ्या ओठांपर्यंत येईल एवढा काळा दगड, जमिनीत रोवलेला. एकदा आम्ही गेलो तेव्हा कॉलेजची मुलं आली होती. त्यांचे सर सांगत होते की हा दगड आपोआप पडलेला नाही, माणसांनीच उभा केलाय, पण कधी ते सांगता येत नाही, तेव्हा लोखंडसुद्धा नसेल. मी लांबूनच हात जोडले. इतक्या जुन्या माणसांनाही लेकरांची काळजी होतीच म्हणायची.

नवस साधा. दरवर्षी लेकराच्या उंचीचं सूत न्यायचं, धोंड्याच्या पायथ्यापासून वर ताणायचं, वरचं टोक शेंदूर-तेलानं चिकटवायचं आणि लेकराचं नाव घ्यायचं. मागच्या वर्षीचं सूत उतरवून दारणा नदीत सोडायचं. ज्या वर्षी सूत धोंड्याच्या माथ्याला लागेल, त्या वर्षी नवस फिटला. मग आईनं धोंड्याला मिठी मारायची, म्हणायचं, "वाढवलंस, आता माझी मला दे," आणि मागं वळून न बघता घरी यायचं.

आमची तिसरीत होती तेव्हा सूत माझ्या खांद्याच्या जरा खाली आलं होतं.

२

त्या पुढच्या वर्षी गणपती उठले आणि ताप आला. तो उतरला नाही. डॉक्टरांनी काही करायचं ठेवलं नाही, मीही काही मागायचं ठेवलं नाही. शेवटी तिला हिरवा फ्रॉक घातला. दिवाळीसाठी आणून ठेवला होता, पुढच्या वर्षीही होईल म्हणून मुद्दाम मोठा घेतलेला. गुडघ्याच्या बराच खाली येत होता. जाऊबाईंनी, म्हणजे शुभांगीनं, घडी घालून आतून टाका मारला. "लोंबतोय ताई, पायात येईल तिच्या," म्हणाली, आणि मग आपण काय बोललो हे तिचं तिलाच कळून ती तिथंच खाली बसली.

मार्गशीर्ष आला. मळ्यात शेवंती भरून आली होती, माझे यजमान अमोल पहाटे फूलबाजाराला जायचे ते मुकाट्यानं जायचे आणि मुकाट्यानं यायचे. मंगळवारी माझ्या हातांनी सूत वळलं. वळून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मोजायला कुणी नाही.

शुभांगी ओट्याशी होती. हात पुसत आली. "ताई, अर्धा नवस घरात ठेवू नये म्हणतात ना?"

"हो."

"मग माझ्या हर्षालीला मोजा. दोघी सारख्याच होत्या की. शाळेतल्या बाई गोंधळायच्या."

खरंच सारख्या होत्या. दोन महिन्यांचं अंतर, पण एकमेकींचे युनिफॉर्म घालून जायच्या. हर्षालीला बोलावलं. ती गुपचूप चौकटीला टेकून उभी राहिली. तिनं टाच आपटली नाही. मी सूत डोक्याशी कापलं आणि माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. तिनं थोडी वाट बघितली आणि विचारलं, "मोठी आई, झालं का? जाऊ?" मी मान हलवली.

त्या खोऱ्यात जाऊन मी सूत लावलं. माप हर्षालीचं. नाव आरोहीचं घेतलं.

३

आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मी वाती वळत होते. दुपारची वेळ. शुभांगी मळ्यात, हर्षाली शाळेत, घरात मी आणि पंख्याची घरघर.

टक.

मी हातातला कापूस तसाच धरून बसले. लाकूड आहे, थंडीत आक्रसतं, उन्हात फुगतं. चौकट सागवानी आहे, पण जुनी. पालही असेल. मी उठून पालीसाठी चौकटीच्या मागं बघितलं. पाल नव्हती.

पुढं तो आवाज येत राहिला. रोज नाही. घरात माझ्याशिवाय कुणी नसलं, आणि मी हाताला काही काम लावून बसले असले, की एकदाच. टक. त्यानंतर काही नाही. आणि ते 'काही नाही' साधं नव्हतं. कुणी श्वास धरून उभं असलं की खोली जशी होते, तशी ती खोली व्हायची. पंखा चालू असून समईची ज्योत हलायची नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. घाबरले म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर मला बरं वाटायचं. मी वाती वळत वळत तिच्याशी बोलायचे. आज शेवंतीला काय भाव मिळाला, मांजरीला पिल्लं झाली, हर्षालीच्या वर्गाला कुठल्या नव्या बाई आल्या. उत्तराची अपेक्षा नव्हती. ती हलली नाही, एवढंच मला पुरेसं होतं.

४

पुढच्या मार्गशीर्षात हर्षालीला परत मोजलं. शुभांगी आणि मी दोघीच त्या खोऱ्यात गेलो. अमोल नेहमीप्रमाणे पिकअप घेऊन रस्त्यावर थांबले. भाताची कापणी झाली होती, खाचरांत नुसते बुडखे, पेंढ्याचा वास.

धोंड्याच्या आजूबाजूची जागा आक्काबाई झाडते. डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ धारदार. "चपला काढा आधी, नाशिकवाल्या. इथं मॉल नाय."

"काढल्या आक्का," शुभांगी म्हणाली. "तुम्हाला बरं दिसतं तेवढं."

"चपला वाजत्यात. दिसाया कशाला लागतंय."

मी जुनं सूत उतरवलं. नवं सूत शेजारी धरलं, दोन्हींचं खालचं टोक एकत्र करून. आणि माझे हात थांबले. जुनं सूत लांब होतं. थोडंथोडकं नाही. चार बोटं लांब होतं.

माझ्या मनानं लगेच कारणं काढली. वर्षभर दवात भिजलं, उन्हात वाळलं, वाऱ्यानं ओढलं. हातानं वळलेला कापूस ताणतो, मला माहीत आहे. पण ताणलेलं सूत बारीक होतं, मधे तुटायला येतं. हे जसंच्या तसं होतं, एकसारखं जाड, आणि वरच्या टोकाला हळद ओलसर पिवळी, काल लावल्यासारखी.

दुसरी गोष्ट शुभांगीच्या लक्षात आली. नवं सूत धोंड्यावरच्या मागच्या वर्षीच्या शेंदराच्या डागापर्यंतच येत होतं. "ताई, हे नवं सूत... हे मागच्या वर्षी लावलं तेवढंच आहे का हो?" ती हळूच म्हणाली. "म्हणजे हर्षाली वाढलीच नाही?"

"काही मुलं थांबून वाढतात," मी म्हणाले.

आक्काबाई झाडू टेकवून उभी राहिली होती. "पोर मोठी झाली की गं तुझी. मघाशी पलीकडं उभी व्हती ना? हाक मारली तर बोलली नाय. लय गुणाची हाय."

आमच्याबरोबर कुणी मुलगी आली नव्हती. शुभांगी माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणाले, "मोतीबिंदू आहे गं त्यांना."

पण नवं सूत मी लावलं नाही. ते आखूड होतं. ते लावलं असतं तर आरोही खाली आली असती. मी जुनंच सूत परत लावलं, नवा शेंदूर लावून, आणि तिचं नाव घेतलं. परतताना गाडीत माझ्या मनात एकच विचार होता, आणि तो आनंदाचा होता, याची मला आता भीती वाटते. ती तिथं वाढतेय. अजून थोडीच राहिलीय.

५

त्या वर्षी हर्षालीचा युनिफॉर्म बदलला नाही. बूटही तेच. वर्गातल्या मुली तिच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलायला लागल्या. शुभांगीनं तिला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी हाताचा एक्स-रे काढला, रक्त तपासलं, म्हणाले सगळं व्यवस्थित आहे, वाट बघा.

श्रावणातल्या एका दुपारी शुभांगी देवघरात माझ्याकडं आली. हातात नेलकटर. माझ्यासमोर बसली आणि ते चटईवर ठेवलं.

"ताई, हर्षालीची नखं मी शेवटची कधी कापली, मला आठवत नाही."

मी नेलकटर बाजूला सरकवलं.

"तुम्ही म्हणाल विसरली असेन. मी पण तेच म्हणत होते. पण केस? केस पण नाही कापले. वरच्या बाजूचा दात दुधाचाच आहे. आरोही गेली त्या वर्षी जे जसं होतं तसं आहे सगळं, ताई."

पंखा घरघरत होता. मी म्हणाले, "देवाच्या मनात असेल तेव्हा..."

"देवाच्या मनात कशाला," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती कधीच माझ्यावर चढून बोलली नाही. "मोजा म्हणून मीच सांगितलं होतं. माझ्याच पोरीचं माप तिथं टांगलंय, आणि नाव तिचं नाही. ते उतरवून आणा ताई. माझी पोर वाढायची थांबलीय. तुमच्या पाया पडते."

तिनं खरंच माझे पाय धरले. मी तिचे हात धरून तिला उठवत होते. तेवढ्यात चौकटीशी आवाज आला.

टक.

शुभांगीनं मान वळवली. तिनं ऐकलं होतं. आजवर मी एकटीनंच ऐकलेलं तिनंही ऐकलं, आणि माझ्या चेहऱ्याकडं बघून तिला कळलं की हे मला नवं नाही.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

ती उठली, नेलकटर तिथंच राहिलं. दारातून जाताना ती चौकटीला स्पर्श होऊ न देता, अंग चोरून गेली, आणि मला पहिल्यांदाच माझ्या लेकीची शरम वाटली. मग त्या शरमेचीच शरम वाटली.

मार्गशीर्षापर्यंत मी रोज स्वतःला समजावत राहिले. धोंड्याच्या माथ्याला सूत लागलं की नवस फिटतो. मग आईनं म्हणायचं असतं, आता माझी मला दे. एकच वर्ष. फार तर दोन. हर्षाली नंतर वाढेल, मुलं नंतर भराभर वाढतात. मी पूजा करायचे, उपास करायचे, आणि प्रत्येक नमस्कारात माझे दोन्ही हात दोन वेगळ्या गोष्टी मागायचे.

एका सकाळी हर्षाली देवघरात आली. मी तिच्यासाठी प्रसादाचं केळं काढलं, तर तिनं विचारलं, "मोठी आई, मी अशीच राहणार का?"

"का गं?"

"नाही. आरोहीपेक्षा मोठं व्हायला मला कसंतरीच वाटतं. पण मम्मी रडते."

मी तिच्या हातात केळं दिलं. तिची बोटं माझ्या आरोहीच्या शेवटच्या वर्षाएवढीच होती. मंगळवारी निघायचं, असं मी अमोलना त्याच दिवशी सांगितलं.

६

या वेळी हर्षालीही आली. ती आणि अमोल गाडीत थांबले. शुभांगी माझ्याबरोबर खाचरांतून चालत आली, पण शेवटच्या बांधावर मी तिला म्हणाले, "तू इथंच थांब."

"एकट्या जाल?"

"एकटीच गेले पाहिजे गं."

ती बांधावर बसली. पदर तोंडाशी धरून. आक्काबाईचा झाडू कडेला पडला होता, ती कुठं दिसत नव्हती. दोन्हीकडचे डोंगर एवढे जवळ आहेत तिथं, की सकाळ उलटून गेली तरी धोंड्याच्या पलीकडच्या बाजूला सावलीच असते. वारा नव्हता. पेंढ्याची एक काडी हलत नव्हती.

सूत माथ्याच्या खाली एक बोट होतं.

एक बोट. मी हात लावून बघितलं. शेंदूर ओला होता, बोटाला लागला. नुसतं चिमटीत धरून वर सरकवलं असतं तरी माथ्याला लागलं असतं. कुणाला कळलं असतं? मी सूत धरलं. ते कोमट होतं, आणि त्याला तिच्या केसांच्या तेलाचा वास होता, बदामाच्या तेलाचा, जे मी त्यानंतर घरात आणलेलं नाही.

धोंड्याच्या पलीकडून आवाज आला. टाच दगडावर आपटल्याचा.

टक.

मी जागची हलले नाही. पुढं झुकले, इतकंच. धोंड्याच्या कडेशी, जमिनीलगत, सावलीत, एक टाच होती. दगडाला चिकटलेली, धुळीनं भरलेली. तिच्यावर ताठ पोटरी. आणि त्याच्या वर हिरव्या कापडाची कड. फ्रॉकची. गुडघ्याच्या वर चढलेली. आतून घातलेला टाका उसवून खाली लोंबत होता.

त्याच्या वर मी बघितलं नाही. बघायचं नसतं म्हणून नव्हे. मला ऐकू आलं म्हणून. पलीकडं कुणीतरी श्वास धरून उभं होतं.

आणि मला एकाएकी उतू गेलेलं दूध आठवलं. लालबुंद तोंड. तू 'हल' म्हणालीच नाहीस ना मम्मी. मी हर्षालीला मोजलं तेव्हा म्हटलं नव्हतं. दवाखान्यात म्हटलं नव्हतं. रोज दुपारी तिच्याशी शेवंतीच्या भावापासून मांजरीच्या पिल्लांपर्यंत बोलत होते, तेव्हाही म्हटलं नव्हतं. माझी गुणाची पोर कुठंच गेली नव्हती. मापाला उभी होती.

धोंड्याला मिठी मारायला माझे हात उठले होते. ते मी खाली घेतले. शेंदरातून सूत सोडवलं आणि हातावर गुंडाळलं. बांधावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "हे माप हर्षालीचं. हर्षालीचं तिला दे."

मग धोंड्यावर कपाळ टेकवून हळू म्हणाले, "झालं गं बाळा. आता हल."

पलीकडं श्वास सुटला. खूप वेळ धरलेला, लांब, थरथरता. लहान मुलाचा नव्हता तो. वाढलेल्या मुलीचा होता. मग सुक्या गवतात पावलं, आधी अडखळत, पाय आखडल्यासारखी, नंतर भराभर, डोंगराच्या बाजूला. मी पाठ फिरवली आणि बांधाकडं चालू लागले. मागं बघायचं नसतं.

शुभांगीनं मला धरलं. "ताई, ते गवतात काय गेलं?"

"काही नाही," मी म्हणाले. "चल."

७

गाडीत हर्षाली माझ्या आणि शुभांगीच्या मधे बसली होती. घोटी मागं पडल्यावर तिनं तोंडात बोट घातलं.

"काय करतेस? हात घाण आहेत," शुभांगी म्हणाली.

"मम्मी, दात हलतोय."

शुभांगीनं लेकीचं डोकं छातीशी ओढून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिचे खांदे हलत होते. अमोलनी आरशातून माझ्याकडं बघितलं, मी मान डोलावली.

दारणेच्या पुलावर त्यांनी न सांगता गाडी थांबवली. मी एकटी उतरले. कठड्याशी जाऊन हातावरचं सूत उलगडलं. पाण्यात सोडायच्या आधी मला राहवलं नाही. एक टोक माझ्या टाचेखाली दाबलं, दुसरं वर ताणलं आणि पाठ ताठ केली.

ते माझ्या हनुवटीला लागलं.

एवढी झाली होती. माझ्याशेजारी उभी राहिली असती तर तिच्या भांगाचा वास मला मान न वाकवता आला असता. गाड्या मागून जात होत्या, कुणीतरी हॉर्न वाजवला. मी सूत हनुवटीशी धरून, श्वास रोखून, तशीच उभी राहिले. मला 'हल' म्हणायला आता कुणी नव्हतं. बऱ्याच वेळानं मीच टाच उचलली.